ओवीतली छत्री

मला गंडवणं सोपं नाही, असं मी लग्नाआधीपासून छातीठोक सांगत आले. बाजारात तराजूची दांडी कोण बोटानं दाबतं, ते मला चार पावलांवरून कळायचं. कासारीण गप्पांत गुंतवून तडा गेलेलं काकण मनगटावर चढवायला लागली की मी हात मागं घ्यायची. सासरी आले तेव्हा पहिल्याच महिन्यात सासरे म्हणाले होते, "सून लई हुशार हाय, हिच्याम्होरं कुनाची डाळ शिजायची न्हाई." एवढी मी शहाणी. आणि तरीही एका परक्या बाईनं माझ्याच घरात, माझ्याच जात्यापाशी बसून, माझ्याच तोंडून माझ्या सख्ख्या भावाला निवडणुकीत पाडलं. ते कसं झालं ते सांगते. लाजायचं तेवढं तेव्हाच लाजून झालंय.

माझं सासर मुळशीच्या धरणाच्या अलीकडच्या काठाला आणि माहेर पलीकडच्या. मधे पाणी. माझ्या आजोबांचं घर आणि खाचरं त्या पाण्याखाली गेलेली, म्हणून माहेरची माणसं वर डोंगराच्या उतारावर नवी घरं बांधून राहिली होती. गाडीरस्ता आमच्या अंगाला होता. त्यांच्याकडं जायचं तर होडी, नाहीतर दिवसभराची पायपीट. होडीही एकाच माणसाची. त्याच्या मनात आलं तर निघायची.

वडील आमच्या लहानपणीच गेले. मला वाढवलं ते दादानं. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मुलीला शाळा कशाला, असं भावकीतले लोक म्हणत होते, तेव्हा त्यानं मला हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं. मी चौथी झाले ती त्याच्यामुळं. लग्न होऊन मी अलीकडं आले, पण हा प्रकार होईपर्यंत एकही भाऊबीज त्यानं चुकवली नव्हती. होडीतून यायचा, खांद्यावर घोंगडं, हातात पोह्यांची पुरचुंडी. पाटावर बसायचा, मी ओवाळायची, तो खण द्यायचा, जेवायचा आणि वारा उठायच्या आत परत. वर्षाचे बाकीचे दिवस मी त्या एका दिवसाच्या जिवावर काढायची. ज्या बाईचं माहेर पाण्यापलीकडं आहे, तिला हे वेगळं सांगायला नको.

आता ओव्यांचं. तेव्हा घरोघर जातं होतं आणि पहाटे जात्यावर बसलं की तोंड आपोआप सुरू व्हायचं. जुन्या ओव्या सगळ्याच म्हणायच्या. मी नव्या जोडायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या नवऱ्यानं चिडून ताट भिरकावलं, सगळ्याची ओवी व्हायची. पण माझा हातखंडा भावाच्या ओव्यांत. माझ्या दोन ओव्या तर आळीतल्या सगळ्या बायका म्हणायच्या:

धरण भरलं तुडुंब, वारा घोंघावं पाण्याला
होडीत बसून भाऊ, येतो बहिणीला नेण्याला

पाऊस लागला झडीचा, कोण उभं माझ्या दारी
भाऊ माझा आला, ओलं घोंगडं डोईवरी

विहिरीवर कुणी आपली ओवी म्हणताना ऐकलं की मी ऐकलंच नाही असं दाखवायची, आणि दिवसभर मनातल्या मनात फुगायची.

एकोणीसशे साठनंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. श्रावण होता, भाताच्या आवण्या उरकल्या होत्या. एक दिवस एक बाई छत्री मिटत आमच्या ओट्यावर आल्या. निळ्या काठाचं सुती पातळ, खांद्याला पिशवी, पिशवीत जाडजूड वही. पुण्याकडचं बोलणं. म्हणाल्या, "मी बायकांची गाणी गोळा करते. तुमच्या ओठांवर जे आहे ते कुणी लिहून ठेवलं नाही, तर तुमच्याबरोबरच जाईल. सगळ्यांनी तुमचंच घर दाखवलं."

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी पुरेसं होतं. मी लगेच चहाचं आधण ठेवलं.

पण नुसतं पाय मुडपून बसून मला ओवी आठवेना. हातात जात्याचा खुंटा असल्याशिवाय शब्द येत नाहीत, ही गोष्ट ज्यानं दळलंय त्यालाच कळेल. म्हणून मी जात्याशी बसले आणि रिकामंच फिरवायला लागले. सासूबाई आतून ओरडतच आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. "रिकामं जातं फिरवतीस व्हय गं? घराला खायला उठवतीस का?" आणि त्यांनी रागानं पसाभर नाचणी जात्यात ओतली. मग त्या बाईंच्या पायी आम्ही त्या दिवशी पायलीभर नाचणी दळली. पुढं आठवडाभर घरात भाकरी, आंबील, परत भाकरी. धाकटी जाऊ म्हणाली, "जाऊबाईंची गानी आता पोटात बी जाया लागली."

वहीवाल्या बाई महिन्यातून दोनदा यायच्या. आळीतल्या सगळ्या बायका जमायच्या. त्या कुणाच्या मुलाला खोकल्याचं औषध आणायच्या, कुणाचं पत्र वाचून दाखवायच्या. चांगली बाई होती, हे आजही नाकारत नाही. आणि ऐकायच्या तर अशा, की आपण काही मोलाचं बोलतोय असं वाटायचं. आमच्या घरात माझं बोलणं एवढं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. नवरा ऐकायचा, पण डोळे मिटून.

भावाच्या ओव्या त्यांना फार आवडल्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला म्हणाल्या, "एक विचारू? ही होडी आणि हे धरण फक्त तुम्हालाच कळतं. तिकडं पुण्याच्या वाटेवरच्या भुकूमची बाई होडी कुठून आणणार? तिनंही तुमची ओवी म्हणावी, असं नाही वाटत तुम्हाला?"

भुकूमची बाई माझी ओवी म्हणतेय! मी होडीची ओवी बाजूला ठेवली.

मग घोंगड्याची पाळी. "घोंगडं छान आहे," त्या म्हणाल्या, "पण जरा जुनं वाटतं. तुमचा भाऊ कसा, ऐटीत यायला हवा. पावसात माणूस ऐटीत कसा येईल?" माझी नजर ओट्यावर ठेवलेल्या त्यांच्या छत्रीकडं गेली. आमच्या गावात तेव्हा दोनच छत्र्या, एक मास्तरांची आणि एक टपालवाल्याची. बाकी सगळा कारभार इरली नि घोंगड्यांवर. मी खुंटा फिरवला आणि म्हटलं:

पाऊस लागला झडीचा, कोण उभं माझ्या दारी
भाऊ माझा आला, काळी छत्री डोईवरी

"वा!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी मान डोलावली. त्यांनी मला छत्री हा शब्द सांगितला नव्हता, हे लक्षात ठेवा. मला पुढं ते फार दिवस चावलं.

मग म्हणाल्या, "पण एवढ्या मोठ्या छत्रीखाली एकच बहीण का?" सगळ्या बायका हसल्या. मलाही चेव आला. तिथल्या तिथं जोडली:

भावाच्या छत्रीखाली, मावल्या साऱ्या बहिणी
पडू दे कितीबी पाऊस, भिजायची न्हाई वेणी

आळीतल्या बायकांनी ती उचलली. नवरात्रापर्यंत शेजारच्या दोन गावांतही गेली. मी विहिरीवर आता उघडच फुगायला लागले होते.

त्या वर्षी दिवाळीला भाताची झोडणी अर्धवट आणि आभाळ भरून आलेलं. भाऊबीजेच्या सकाळी होडीवाल्यानं दादाचा निरोप आणला. खळ्यावर भात उघडं आहे, आज निघता येत नाही, तुळशीच्या लग्नाला येतो. मी पहाटेच ताट तयार करून ठेवलं होतं. निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू, सगळं. निरोप ऐकला आणि चुलीपुढं बसून रडले. पोरासारखी रडले, धूर डोळ्यात गेल्याचं निमित्तही केलं नाही.

तेवढ्यात वहीवाल्या बाई आल्या. त्यांनी माझे डोळे पाहिले, पाठीवर हात ठेवला. "तुमच्यासारख्याच आणखी पाचसहा जणींचे भाऊ आले नाहीत. शाळेच्या ओट्यावर आम्ही गावातल्या सगळ्याच बायकांची भाऊबीज ठेवली आहे. एक भला माणूस येतोय, त्याला सख्खी बहीण नाही. चला. ताट घेऊनच चला."

मी ताट घेतलं. दादासाठी मांडलेलं तेच ताट.

शाळेच्या ओट्यावर पाट मांडला होता. त्यावर एक दांडगा, साधा दिसणारा माणूस मांडी घालून बसला होता. धरणाच्या खालच्या अंगाचा. भाताची गिरणी, दोन ट्रक, एवढंच त्याच्याविषयी कानावर होतं. भाषण नाही, काही नाही. डोक्यावर टोपी नीट केली आणि मान वाकवून बसला. सगळ्यांत आधी मी ओवाळलं, कारण ओव्या माझ्या, म्हणून मान माझा. मागं बायका म्हणत होत्या, "भावाच्या छत्रीखाली, मावल्या साऱ्या बहिणी." त्याचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं. ज्याला एकदम चाळीस बहिणी मिळतात, तो रडेल नाहीतर काय करेल? त्यानं प्रत्येकीला स्वतःच्या हातानं हिरवा खण दिला आणि एवढंच म्हणाला, "काय लागलं सवरलं तर तुमचा भाऊ हाय."

निवडणुकीचं नाव नाही. ते काढलं असतं तर आत्याबाईंनी त्याला पाटावरून उठवलं असतं. पण पाटावर बसलेल्या माणसाला ओवाळलं, त्याच्या हातचा खण घेतला, म्हणजे तो भाऊ झाला. आमच्यात त्याला साक्षीदार लागत नाही की कागद लागत नाही. रक्ताच्या भावाशी एक वेळ भांडता येतं, असं जोडलेल्या भावाशी तेही करत नाहीत.

तुळशीच्या लग्नाला ठरल्याप्रमाणे दादा आला. मी नव्या ओव्या त्याला जात्यावर म्हणून दाखवल्या. छत्री ऐकून तो खो खो हसला. "बाय, जन्मात म्या छत्री धरली न्हाई. तू माजा पार सायेब केलास." पण खूश झाला होता, कानामागं लाल झाला होता. "आमच्याकडच्या बायांना बी सांगतो," म्हणाला. "माज्या बहिणीनं माज्यावर जोडली म्हनावं."

शाळेच्या ओट्यावरचं मी त्याला काही सांगितलं नाही. त्याच्या ताटानं दुसऱ्याला ओवाळलं, हे जिभेवर येईना. म्हटलं, सांगू कधीतरी.

मग जेवता जेवता त्यानं त्याची बातमी सांगितली. पंचायत समितीच्या निवडणुकीला तो उभा राहणार होता. "पावसाळ्यात आमच्या अंगाचं मानूस आजारी पडलं तर होडीवाल्याच्या हातापाया पडावं लागतंय. ह्यो एक मानूस मर्जीनं नेतोय, मर्जीनं ठेवतोय. सरकारी होडी पायजे, रोजची. आन् एक दवाखाना. दुसरं काय बी मागायचं न्हाई मला." मग माझ्याकडं पाहिलं. "तुज्या गावच्या बाया तुज्या शब्दाभायेर न्हाईत, व्हय ना?"

"तू निर्धास्त ऱ्हा," मी म्हटलं. "बायांचं माज्यावर सोड." आणि ते मी अगदी मनापासून म्हटलं. मला माझ्या आळीची खात्री होती.

निशाण्या वाटल्या गेल्या, तेव्हा दादाला शिडी मिळाली. त्याच्यासमोर कोण उभं आहे, याची मला काही माहिती नव्हती. एक दिवस मी पाणवठ्यावर धुणं धूत होते आणि रस्त्याकडून कर्ण्यातून आवाज आला. माझी ओवी! कुणी शिकलेल्या गळ्याची बाई म्हणत होती, मागं पेटी होती. भाऊ माझा आला, काळी छत्री डोईवरी. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आनंद झाला. नुसता आनंद नाही, मी ओलं लुगडं तसंच हातात घेऊन रस्त्यापर्यंत पळत गेले. माझे शब्द एवढ्या मोठ्यानं सगळ्या खोऱ्यात घुमत होते!

जीप थांबली होती. तिच्या कपाळावर ही एवढी काळी छत्री रंगवलेली. बाजूला त्या गिरणीवाल्याचा फोटो. ओवी संपली की एक माणूस ओरडायचा, "बहिणींनो, भावाला विसरू नका, छत्रीवर शिक्का मारा!"

मागून कळलं, खालच्या अंगाला गिरणीवाल्याच्या लोकांची निशाणी मागच्या खेपेपासून छत्रीच होती. आमच्या आडबाजूला ती पोचली नव्हती, एवढंच. ती माझ्या हातून पोचली.

वहीवाल्या बाई जीपमध्येच बसल्या होत्या. मी सरळ पुढं गेले. "तुमी मला फसवलं," मी म्हटलं. माझ्या लुगड्यातलं पाणी त्यांच्या पायावर गळत होतं.

त्या चिडल्या नाहीत. आवाजसुद्धा चढवला नाही. "मी तुम्हाला एक शब्द तरी सांगितला का, ताई? वही काढून दाखवू? सगळे शब्द तुमचे आहेत. इतके चांगले शब्द चांगल्या माणसाच्या कामी आले, तर वाईट काय झालं?"

इतक्या महिन्यांत त्यांनी मला एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. नुसत्या विचारत गेल्या होत्या आणि मी पुढं पुढं चालत गेले होते. माझ्यातल्या वाईटाला कुणी हात घातला असता तर मला कळलं असतं, त्या बाबतीत मी सावध होते. पण भावाची माया आणि आपल्या ओव्यांचं कौतुक, या दोन गोष्टींवर मी पहारा ठेवला नव्हता. तो कुणीच ठेवत नाही. पुढं मी खूप निवडणुका पाहिल्या, खूप जीपगाड्या येताना पाहिल्या. शहाणा पुढारी कधी तुमच्या लबाडीवर जात नाही, तुमच्या चांगुलपणावर जातो, हे मी आता कुणालाही ठणकावून सांगू शकते. तेव्हा मात्र मी ओलं लुगडं घेऊन रस्त्यात उभी होते.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर फिरले. शिडी, शिडी, शिडी. माझा सख्खा भाऊ उभा आहे, शिडीवर शिक्का मारा. बायका ऐकून घ्यायच्या, पाणी द्यायच्या आणि परत कामाला लागायच्या. शेवटी माझ्याच जावेनं तोंड उघडलं. "जाऊबाई, सगळ्यांच्या म्होरं ओवाळलं कुनी? आता आमाला सांगताय त्याला पाडा."

"त्यो निवडनुकीपुरता भाऊ हाय गं," मी म्हटलं.

आत्याबाई सूप बाजूला ठेवून माझ्याकडं वळल्या. "निवडनुकीपुरता आसंल तर त्याचं पाप त्याच्यापाशी. आमी निवडनुकीपुरत्या बहिनी न्हाई झालो. ज्याच्या हातचा खण अंगावर हाय, त्याला पाडायचं? आपल्यात आसं करत न्हाईत."

हे मीच तर मानत आले होते. उलट्या बाजूनं वाद घालायची वेळ आली असती तर मीही हेच म्हटलं असतं, आणि आत्याबाईंपेक्षा जास्त तावातावानं.

मतदान शाळेच्या त्याच ओट्यावर झालं. आमच्या गावच्या बायका रांगेत उभ्या होत्या, अंगात हिरव्या खणाच्या नव्या चोळ्या. मी जुनी चोळी घालून गेले. आत जाऊन शिडीवर शिक्का मारला, इतका दाबून की टेबल हललं. बाहेर आले तेव्हा बायका माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता, थोडी कीवच होती. त्यांच्या हिशेबानं मी भावाला सोडून आले होते.

दादा पडला. अलीकडच्या काठावर पडेल, हे मला कळून चुकलं होतं. पण तो पलीकडंही पडला, स्वतःच्या वाड्यांमध्ये, जिथं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव निघायला नको होतं. हे मला कळेना.

वैशाखात एका लग्नात वहिनी भेटली, दादाची बायको. तिनं सांगितलं. माझ्या घरून परत गेल्यावर दादानं वाडीवाडीत जाऊन ओवी सांगितली होती. माझ्या बहिणीनं माझ्यावर जोडली, असं प्रत्येक ओट्यावर बसून सांगितलं. बायकांनी ती पाठ केली. आणि पुढं पौडच्या बाजारातून तो छत्री विकत घेऊन आला. "म्हनं बायनं मला छत्री दिलीया, तर धरतो आता," वहिनी म्हणाली. "ऊन न्हाई, पाऊस न्हाई, आन् ह्ये छत्री घेऊन फिरत्यात. समदी हसायची. ह्यांना त्याचंच कवतिक."

मग आली निवडणूक. दादाला शिडी मिळाली. अलीकडच्या काठावर जीप उभी करून कर्णा पाण्याकडं वळवला, की पलीकडं सगळं स्वच्छ ऐकू जायचं. तीच ओवी, बहिणीनं भावावर जोडलेली. त्यातली छत्री. आणि वाडीवाडीत दादा स्वतः छत्री घेऊन फिरलेला. दादाला कळलं तेव्हा त्यानं छत्री माळ्यावर टाकली आणि शिडी शिडी म्हणून घसा बसवला. "पर लांबच्या वाडीतल्या म्हाताऱ्या मला म्हनल्या," वहिनी म्हणाली, "शिडी काय कुनी बी सांगल, गानं त्याच्या बहिनीचं हाय, बहीन खोटं बोलती व्हय? मारला की त्यांनी छत्रीवर शिक्का. आन् वर येऊन ह्यांना सांगत्यात, तुलाच दिलं रं बाबा."

मी वहिनीला विचारलं, दादा काय म्हणतो. ती म्हणाली, "काय बी बोलत न्हाईत."

तो सबंध पावसाळा माझा एका धास्तीत गेला. दादा येईल का? निवडणूक हरला, ते मी सोसलं असतं. पण भाऊबीजेला तो आला नाही तर मला माहेर उरत नव्हतं, आई-वडील कुणी नव्हतं, होता तो एकच माणूस. जात्यावर बसायची, पण तोंडातून भावाची ओवी निघायची नाही. धाकटी जाऊ म्हणायला लागली, तर मी तिला गप्प करायची. गिरणीवाला निवडून आल्यावर दवाखाना रस्त्याकडेच्या गावात, त्याच्या गिरणीशेजारी बांधायचं ठरलं. होडीचा विषयच कुणी काढला नाही. वहीवाल्या बाई परत आल्या नाहीत.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी मी ताट मांडलं आणि दारात उभी राहिले. दुपार व्हायला आली तेव्हा होडी दिसली.

दादा आला. पाय धुतले, पाणी प्याला, आत्याबाईंशी भाताचं बोलला. मी पाट मांडला. तो बसला. मी ताट हातात घेतलं. म्हटलं, आता बोलले नाही तर जन्मात बोलणार नाही.

"दादा, मी त्याला ओवाळलं व्हतं. गेल्या साली. तुज्याच ताटानं."

तो निरांजनाकडं बघत राहिला. "ठावं हाय."

"कवापासनं?"

"जीपगाडी आली तवाच कळलं. होडीवाल्यानं सांगितलं."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तू सांगशील म्हनून थांबलो. साल गेलं बघ."

मला रडू फुटलं. "फसवलं रं त्या बाईनं मला."

"फसवलं म्हनू नगंस." तो मोठ्यानं बोलला नाही, पण असं कठोर तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "छत्री तूच घातलीस. तुला ग्वाड लागलं. मला बी लागलं. इकत आनली म्या."

मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. त्यानं खण ताटात ठेवला. मी घाईघाईनं पान वाढलं. पुरणपोळी केली होती, त्याला आवडते म्हणून साजूक तूप राखून ठेवलं होतं. त्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला. म्हटलं, आता बसेल निवांत, आता बोलेल काही.

काठावरून होडीवाल्याची हाक आली. वारा उठला होता, त्याला निघायचं होतं. दादानं एकदा पाण्याकडं पाहिलं, पानाला हात लावून नमस्कार केला आणि अर्धी पोळी तशीच टाकून उठला.